खुलासेअण्णा

अण्णा गेल्यानंतरची पहिली ग्रामसभा इतक्या लवकर आटोपली की कुणाला घरी जावंसं वाटेना. विषय वाचले गेले, हात वर झाले, ग्रामसेवकाने वही मिटली. तरी माणसं बसूनच. शेवटी मागून कुणीतरी विचारलं, "संपली व्हय?" आणि सगळ्यांनी नकळत देवळाच्या डावीकडच्या खांबाकडे पाहिलं. तिथे अण्णा बसायचे. सभा संपली असं जाहीर झालं की ते खांबाला धरून उठायचे आणि ती पुन्हा सुरू करायचे.

"आमचं म्हननं काय न्हाई. फकस्त खुलासा व्हावा."

या एका वाक्यापायी मी आयुष्यात किती वेळ उन्हात बसून काढला याची मोजदाद ठेवली नाही, तेच बरं. गावाने त्यांचं भिकाजी हे नाव कधीच मोडीत काढलं होतं. पोस्टमनसुद्धा विचारायचा, "खुलासेअण्णा कुठं राहतात?" आणि विचारायचा तो नेमका मला, कारण मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण होतं आणि कुंपणाला मुद्दाम ठेवलेली एक फट. त्या फटीतून कोथिंबीर, ताक, वर्तमानपत्र आणि अण्णा ये-जा करत.

आमचं गाव ओतूरच्या पलीकडे, डोंगराला टेकलेलं. आमची माळवाडी त्या डोंगराच्या खांद्यावर. गावात नळ आहेत, माळवाडीत तेव्हा नव्हते. विहीर खाली, घरं वर, मधे चढ. पाणी यायचं ते बायकांच्या डोक्यावरून. माझ्या बायकोच्या, आणि अण्णांच्या हिराकाकूंच्या, ज्यांचे गुडघे चालताना आधी वाजायचे आणि मग काकू दिसायच्या. ही गोष्ट त्या पाण्याची आहे हे आधीच सांगून ठेवतो. पुढे हिच्यात परदेशी सरकार, ओटी आणि माझी फजिती असं काय काय येणार आहे, आणि त्या गर्दीत आम्ही सगळे जसे पाणी विसरलो तसे तुम्हीही विसराल.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर माणसांना तिकीट विचारलं, निवृत्त झाल्यावर खुलासा. पण हा माणूस नुसता मागायचा नाही, द्यायचाही, आणि ते जास्त त्रासाचं होतं. एकदा भीमाशंकरच्या गाडीवर मी त्यांच्यासोबत होतो. घोडेगावच्या पुढे टायर बसला. चाक बदलून गाडी शिनोलीला पोचली तेव्हा थांब्यावर माणसं ताटकळलेली. अण्णा पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. टायर कुठला, मागचा की पुढचा, जॅक कसा सरकला, खिळा कसा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आतले प्रवासी कपाळ बडवताहेत. शेवटी एक आजी म्हणाली, "आरं बाबा, आमी काय इचारलं का तुला?"

"इचारलं न्हाई म्हनून सांगायचं न्हाई," अण्णा म्हणाले, "असं कुठं हाये, आजी?"

मग त्यांनी डबल बेल मारली. गाडी टायरमुळे जेवढी उशिरा होती, त्यापेक्षा अण्णांमुळे जास्त झाली होती.

माझ्या मुलीच्या लग्नात माइक माझ्या हातात होता. आता एखाद्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं असेल आणि त्याच्या हाती समोर बसलेलं हजारभर माणूस आणि चालू माइक आला, तर त्याने काय करावं? मी मान्यवरांची नावं घेत होतो. मान्यवर संपले तेव्हा मी त्यांच्याशी असलेले माझे संबंध सांगायला लागलो. भटजी घड्याळ बघत होते, व्याही माझ्याकडे बघत होते, कुणाची हिंमत होत नव्हती. आणि मांडवाच्या मधोमध पांढरी टोपी उभी राहिली. "सर, पत्रिकेवर मुहूर्त कवाचा छापलाय, येवढा खुलासा करा आन मग चालू द्या." पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण भटजींनी माइक काढून घेतला होता. मी अण्णांशी महिनाभर बोललो नाही. मुलगी अजून सांगते, माझं लग्न अण्णांनी लावलं.

असो. आता त्या भानगडीकडे येतो.

तेव्हा टीव्हीवर रोज रात्री एकच दळण चालू होतं. परदेशात एका बड्या राष्ट्रात कारभार बदलला होता, आणि नव्या कारभाऱ्यांपैकी कुणीतरी शपथविधीच्या आधीच दुसऱ्या एका सरकारच्या राजदूताशी बोललं होतं म्हणे. आधी म्हणाले बोललोच नाही. मग म्हणाले बोललो, पण सणाच्या शुभेच्छा दिल्या. मग आणखी काही निघालं. मला हा विषय फार आवडायचा. त्या देशाचं राजकारण मला आमच्या तालुक्यापेक्षा जास्त कळतं अशी माझी समजूत होती, आणि माझ्या ओट्यावर त्याला विरोध करणारं कुणी नव्हतं. अण्णा फटीतून यायचे, वर्तमानपत्र गुडघ्यावर पसरायचे आणि मला मधेच तोडायचे.

"भेटला आसंल तर भेटला. शेजाऱ्याशी बोलू नये का मानसानं? पन न्हाई भेटलो कशाला म्हनला? तिथं घोडं आडतंय बघा, सर."

मी त्यांना मुत्सद्देगिरी समजावून सांगायचो. राज्यकारभारात काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात, वगैरे. ते पूर्ण ऐकून घ्यायचे, जाताना कुंपणावर दोन टिचक्या मारायचे, म्हणजे डबल बेल, आणि म्हणायचे, "तुमी म्हनता तसं आसंल. पन घोडं तिथंच."

त्याच सुमारास आमच्याकडेही कारभार बदलला. जुन्या मंडळींचं पॅनेल पडलं आणि शैलाताई सरपंच म्हणून निवडून आल्या. एम.ए. झालेली, धडाडीची पोर. माझीच विद्यार्थिनी, त्यामुळे मी स्वतःला राजगुरू समजायला लागलो होतो. निकाल लागला होता, चार्ज मिळायचा होता. आणि मधल्या त्या दिवसांत तिला कुणाकडून तरी कळलं की एका परदेशी सरकारच्या मुंबईतल्या कचेरीकडे खेड्यांसाठी छोटा निधी असतो. माळवाडीची पाण्याची योजना त्यात बसते. तिथल्या अधिकारी बाई जुन्नरकडे येणारच आहेत, तर घरी चहाला येतील. सर, तुमचं इंग्रजी आहे, तुम्ही या.

देशाचं नाव मी लिहीत नाही. आधीच एकदा माझ्यामुळे दोन राष्ट्रांचे संबंध ताणले गेलेत. देश लहान आहे, थंड आहे आणि तिथल्या गाई आपल्यापेक्षा जास्त दूध देतात, एवढं पुरे. बाईंचं नाव इंगा. आमच्या बाजूला हे नाव घेऊन फिरणं सोपं नाही, पण बाई स्वभावाने मऊ होत्या. त्यांनी माळवाडीचा चढ खालून पाहिला, वर चाललेल्या बायका पाहिल्या. मग म्हणाल्या, ग्रामसभेचा ठराव तेवढा पाठवा, लवकर पाठवा, बाकी मी बघते.

आता बाई घरून रिकाम्या हाताने जाणार? शैलाताईंच्या सासूबाई, पारूआत्या, आतून खण-नारळ घेऊन आल्या. घरी आलेली सवाष्ण तशी जात नाही, मग ती कुठल्याही सरकारची असो. बाईंच्या अंगात पँट-शर्ट, ओटी घेणार कशात? आत्यांनी सुनेची ओढणी बाईंच्या गळ्यात टाकली, तिचं टोक पसरायला लावलं आणि त्यात नारळ, खण आणि घरच्या शेतातला ओंजळभर तांबडा गहू घातला. तो गहू आमच्याकडे आता एकट्या आत्याच लावतात. बाई हरखल्या. त्यांच्या ड्रायव्हरने फोटो काढला. मी त्या वेळी महत्त्वाच्या चर्चेत होतो, म्हणजे आत्यांनी दिलेला बुंदीचा लाडू खात होतो.

गाडी गेल्यावर शैलाताईंनी विचारलं, "सर, हे आत्ताच कुणाला सांगायचं का?"

आणि मी, ज्याने महिनाभर टीव्हीवर नेमकी हीच फजिती बघितली होती, तो म्हणालो, "छे! जुनी मंडळी फोडणी घालतील. कुणी विचारलं तर भेट झालीच नाही म्हणायचं. मोठ्या राज्यांत असंच चालतं."

मोठ्या राज्यांत असंच चालतं आणि पुढे काय होतं, हे मी सोयिस्करपणे वगळलं.

चार्ज मिळाला. पहिली ग्रामसभा भरली. माळवाडीच्या पाणी योजनेचा, म्हणजे टाकीच्या जागेचा ठराव निघाला, सगळे माना डोलवत होते आणि खांबापाशी टोपी उठली. बाईंची पांढरी मोटार गावात कुणी ना कुणी पाहिलेली असणारच.

"ताई, चार्ज घ्यायच्या आधी परदेशी सरकारच्या मानसांची आन तुमची भेट झाली का? आमचं म्हननं काय न्हाई. फकस्त खुलासा व्हावा."

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी देवळाच्या कळसाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

अण्णा खाली बसले. ठराव पुढच्या सभेवर गेला, कारण जुन्या मंडळींनी तेवढ्यात कोरमचा मुद्दा काढला. मला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी फोटो आला. त्या कचेरीनेच तो आपल्या पानावर टाकला होता, प्रेमाने. चाकणला नोकरी करणाऱ्या गावातल्या एकाला तो दिसला आणि दुपारच्या चहापर्यंत तो गावच्या प्रत्येक मोबाइलवर होता. मधे इंगाबाई, कपाळाला कुंकू, ओढणीत गहू. मागे शैलाताई हसताहेत. कोपऱ्यात मी, गाल फुगलेला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझा एवढा फोटो कुठे फिरला नव्हता. अण्णांनी तो मोठा केला आणि फोटोतल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. महिना मागचा. चार्जच्या आधीचा.

मग जी चर्चा उसळली ती मी आता कशी सांगू! कटिंगच्या दुकानात माणसं अर्धी दाढी ठेवून भांडायची. एक मत असं की त्या सरकारला आपल्या डोंगराखालचं पाणी हवंय. दुसरं मत, पाण्याचं निमित्त आहे, त्यांना आपला तांबडा गहू न्यायचा होता. आता तो प्रयोगशाळेत जाणार, नावावर होणार आणि आपल्यालाच पाकिटात विकत मिळणार. तिसरं मत असं की बिबटे सोडतात ते हेच लोक. ह्याला पुरावा विचारला तर उत्तर यायचं, "मग बिबटे आले कुठून?" अवसरीला इंजिनिअरिंगला असलेल्या एकाने 'गाव विकले' असा व्हिडिओ केला, त्याला ढोलाचं संगीत लावलं. ओतूरच्या बाजारात लोक मला थांबवून विचारू लागले, काय सर, किती मिळाले? काय मिळालं ते फोटोत सगळ्या तालुक्याने पाहिलं होतं, तरीही विचारायचे.

जुन्या मंडळींनी मोर्चाच काढला. मागणी एकच, गहू परत आणा. मोर्चा पारूआत्यांच्या दारात आला तेव्हा त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दिलेली वटी माघारी मागत्यात व्हय रं? तुमच्या आयांच्या वट्या कुणी कुणी भरल्या त्या आधी मोजून आना, मंग माझ्याकडं या." मोर्चेकऱ्यांत त्यांचे दोन भाचे होते. ते पहिले पांगले.

या सगळ्या गदारोळात अण्णा कुठल्याच बाजूचे नव्हते, हीच खरी अडचण होती. जुन्या मंडळींनी त्यांना हार घालायचा घाट घातला, तर ह्यांनी हार हातात घेऊन विचारलं, मागच्या कारभारात विहिरीच्या गाळाचं काय झालं, त्याचाही खुलासा व्हावा. हार तसाच परत गेला. गव्हाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "गहू म्हातारीचा, वटी म्हातारीची. त्याच्याशी मला काय? माझं इचारनं येगळं हाये." आणि विशेष ग्रामसभेत पुन्हा उभे राहिले.

"ताई, भेटला याला माझी हरकत न्हाई. चांगलंच केलं. न्हाई भेटलो म्हनालात, त्याचा खुलासा व्हावा."

बस्स. तेवढ्यावर आरडाओरडा सुरू झाला. शैलाताई बोलायला उठायच्या आत जुनी मंडळी टेबलापाशी पोचली, कुणीतरी ग्रामसेवकाची खुर्ची ओढली, आणि सभा तहकूब. ठराव लटकलेला. तिकडून इंगाबाईंचे निरोप, ठराव लवकर पाठवा. इकडे उन्हाळा चढत चाललेला आणि विहिरीत दोर लांब लांब सोडावा लागत होता.

मी त्या संध्याकाळी फटीतून पलीकडे गेलो. माझा सूर चढलेला होता, हे कबूल. म्हटलं, अण्णा, तुमच्या स्वतःच्या बायकोचं पाणी अडवून बसलात. झाली ना भेट? फोटो आहे, कॅलेंडर आहे, माझा लाडू आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. मग खुलासा कसला मागताय?

"मला म्हाईत हाये त्याला खुलासा म्हनत न्हाईत, सर. तिनं सांगितलं तर खुलासा."

"आणि पाणी?"

"पानी येईल की. पन आज ही भेट लपवली. उद्या पाइपाचं बिल लपवंल. सवय वाईट आसती. पोर चांगली हाये म्हनून तर इचारतोय. जुन्यांना इचारून काय उपेग व्हता?"

हिराकाकू दारात उभ्या होत्या. हंडा उतरवताना एक हात कमरेवर, एक चौकटीला. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, वैतागाच्या पलीकडच्या शांतपणाने.

"मंग उद्यापास्नं तुमचा खुलासाच आना हंड्यात भरून," त्या म्हणाल्या. "आमटीला त्योच वापरते."

त्यानंतर काही दिवस त्या घरातून बोलण्याचा आवाज आला नाही. अण्णा मात्र खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचतच होते. मला त्या टोपीचा इतका राग कधी आला नव्हता.

तिसऱ्या सभेसाठी मी शैलाताईंना निवेदन लिहून दिलं. दोन रात्री जागलो होतो. त्यात असं होतं की, सदरची भेट ही कौटुंबिक व अनौपचारिक स्वरूपाची असल्याने प्रशासकीय अर्थाने तीस भेट म्हणता येणार नाही, सबब पूर्वीचे उत्तर वस्तुस्थितीस धरूनच होते. मला हे वाक्य फार आवडलं होतं. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, आता तुम्हीही निवडणुकीला उभे राहा.

शैलाताईंनी सभेत कागद उघडला. दीड ओळ वाचली. मग घडी घालून ठेवून दिला.

"अण्णा, भेट झाली होती," ती म्हणाली. "चार्जच्या आधी झाली होती. नाही म्हणाले ते खोटं बोलले. सगळ्यांसमोर विचारल्यावर घाबरले."

माझं नाव तिने घेतलं नाही. जुन्या मंडळींनी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ओरडायचं कशावर ते पटकन सुचेना. आणि अण्णा खांबाला धरून उठले.

"झाला खुलासा. टाकीचा ठराव मांडा. अनुमोदन माझं."

हात वर झाले. संपलं. मी डोकं धरून बसलो होतो. दोन महिने! मोर्चा, ढोल, बिबटे, अर्ध्या दाढ्या, आणि शेवटी एका वाक्यात संपलं. परत येताना चढावर अण्णा माझ्या शेजारून चालत होते. म्हणाले, "तो कागद तुमचा व्हता ना? दीड वळीतच वळखला."

ठराव मुंबईला गेला. उत्तर आलं नाही. मी फोन करत राहिलो, बाई मिळेनात. मिळाल्या तेव्हा संध्याकाळ होती, मी ओट्यावर होतो आणि अण्णा साहजिकच माझ्या ओट्यावर होते. मी फोन स्पीकरवर टाकला. बाईंनी बराच वेळ, हळू आवाजात सांगितलं. त्यांच्या देशात निवडणुका होऊन नवा कारभार आला होता, आणि नव्या कारभाऱ्यांनी पहिलं काम काय केलं, तर परदेशातल्या खेड्यांना जाणारे असले सगळे छोटे निधी बंद केले.

मी अण्णांना म्हटलं, "बंद झालं म्हणतात."

"येवढा येळ बोलली ती. बाकीचं कुठं गेलं?"

मी बाकीचं सांगितलं. ते म्हणाले, "तिला इचारा, आमच्याकडं आली तवा तिला ह्याची कुनकुन व्हती का?"

आता हा प्रश्न मी एका परक्या देशाच्या प्रतिनिधीला, जिने आमच्या गावची ओटी घेतली होती, कसा विचारणार? मी इंग्रजीत म्हणालो, अण्णा तुमच्या प्रयत्नांबद्दल आभार मानताहेत. बाई म्हणाल्या, "वेलकम."

"वेलकम कशाला म्हनली ती?" अण्णा म्हणाले. "गाडीत इंग्रज पावणे बसायचे, सर, येवढं मला कळतं. मी काय आभार मानले न्हाईत. नीट इचारा."

विचारलं. बाई बोलल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज कचेरीतला नव्हता. कुणकुण होती, त्या म्हणाल्या. कुणाला सांगू नका असा वरून हुकूम होता. म्हणून तर त्या घाई करत होत्या. दार बंद व्हायच्या आत आमची फाइल आत सरकवायची होती. ठराव महिनाभर आधी मिळाला असता तर पैसे सुटले असते. त्यांना फार वाईट वाटतंय.

फोन बंद झाला. अण्णा माझ्याकडे बघत होते. या दोन महिन्यांत मी मनातल्या मनात कितीदा तरी त्यांना असंच काहीतरी सुनावलं होतं. आता सुनावायची वेळ आली तर जीभ उचलेना. मी म्हटलं, कुणकुण होती म्हणतात, फार वाईट वाटतंय म्हणतात.

"बाकीचं, सर."

सांगितलं. महिनाभर आधी ठराव गेला असता तर मिळालं असतं, असं सांगितलं.

कुंपणापलीकडे काकू धुणं काढत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार. त्या थांबल्या आणि पुन्हा कपडे ओढू लागल्या.

मी घाईघाईने हिशेब मांडला. म्हटलं अण्णा, हे तुमच्यामुळे नाही. पहिल्याच सभेत हो म्हटलं असतं तर दुसऱ्या सभेतच ठराव झाला असता. नाही म्हणायला मी सांगितलं होतं. दोष माझा आहे.

"ते तुमचं तुमी बघा," अण्णा म्हणाले. "माझं मी बघतो."

कुंपणावर टिचक्या न मारता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरच्या बायकांनी दोर तसेच हातात धरून ठेवले, असं माझ्या बायकोने सांगितलं. अण्णा कावड घेऊन आले होते. बांबूला दोन बाजूंना दोन पत्र्याचे डबे. आमच्याकडे पुरुष पाणी आणतो तो लग्नाच्या टँकरने. नळ नाहीत तिथे हंडा बाईचाच. अण्णांनी डबे भरले, खांद्यावर घेतले आणि चढायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस. वाटेत तीनदा टेकले. घरी पोचले तेव्हा डब्यांत पाऊण पाणी उरलं होतं आणि धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. काकूंनी डब्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाटंवर शेती लावली का काय?"

पण त्या दिवसापासून त्या चढावर हिराकाकू मी पाहिल्या नाहीत. लोकांनी अण्णांना विचारून पाहिलं, चेष्टेने आणि खरोखरही. ते "जरा व्यायाम" म्हणायचे. घरी येऊन बसावं तर अण्णांच्या कावडीकडे बघून माझी बायको माझ्याकडे बघायची. शेवटी मीही एक कॅन उचलला. एकच. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

शैलाताई मात्र गप्प बसल्या नाहीत. पंचायतीच्या तुटपुंज्या निधीतून, तुकड्या-तुकड्याने, त्यांनी खालून पाइप टाकायला घेतला. एका हंगामात वळणापर्यंत, दुसऱ्यात चिंचेपर्यंत. अण्णांना मी शेवटचं नीट पाहिलं ते तेव्हाच. त्यानंतर पावसाळ्यात ते आजारी पडले, नारायणगावला दवाखान्यात हलवले, तिथे नळ्यांच्या गर्दीत पाहिलेला माणूस मी धरत नाही.

चिंचेच्या वरच्या टप्प्याचं काम चालू होतं. भर उन्हात चर खणलेला, त्यात पाइप अंथरलेला, दोन गडी माती लोटायला उभे. शैलाताई डोक्याला टॉवेल बांधून देखरेखीला. मी सावलीत, सल्ला देत. खालून अण्णा आले, खांद्यावर भरलेली कावड. चराशी थांबले. आत पाहिलं.

"ताई, पाइप किती खाली घ्यायचा ठरलं व्हतं?"

"अडीच फूट, अण्णा."

"हितं तेवढा दिसत न्हाई. नांगर लागंल उद्या."

गडी म्हणाला, हाये बरोबर, तुमी जावा. मीही सावलीतून म्हटलं, अण्णा, खांद्यावर पाणी आहे, आधी ते वर न्या, मग विचारा काय विचारायचं ते. अण्णांनी कावड खाली ठेवली नाही. हललेही नाहीत. डब्यांच्या बुडातून थेंब थेंब गळत होतं आणि मातीवर पडता पडता सुकत होतं. गडी माझ्याकडे बघून हसला. मला त्या क्षणी दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली, आधी अण्णांच्या.

शैलाताईंनी टेप मागितला आणि ती चपला काढून चरात उतरली. वाकून टेप पाइपाला लावला, वर बघत आकडा वाचला, पुन्हा एकदा लावून पाहिला.

"दीडच आहे," ती खालूनच म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं, अण्णा. काढून परत खणायला लावते. आठवडा जाईल."

"जाऊ दे," अण्णा म्हणाले.

त्यांनी मान किंचित वाकवून बांबू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला, डबे डोलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि चढाला लागले.